पान लागलं

पुणे, १२ जानेवारी २०२४

मामा, शरणार्थ.

फोन केला की मामी उचलतात. मी एक सांगते, त्या तुमच्या कानाशी दुसरंच ओरडतात आणि तुम्ही तिसऱ्याच गोष्टीचं उत्तर देता. मागच्या वेळी मी पगार वाढल्याचं सांगितलं, तर तुम्ही 'लवकर दवाखान्यात दाखव' म्हणालात. मेसेज पाठवावा तर मोबाईल मामींचा, आणि त्या तुम्हाला दाखवायच्या आधीच उत्तर देऊन मोकळ्या होतात. म्हणून आता पत्रंच लिहायची ठरवलीत. कंडक्टरकीत उमरगा आगाराच्या एसटी गाड्यांनी तुमचे कान नेले, पण अक्षर नाही नेलं. पेन्शनर माणसाला वेळही आहे.

काम असं आहे. आमच्या संस्थेला सरकारकडून, म्हणजे तुमच्याआमच्याच पैशातून, एक संशोधन मिळालंय. गावातल्या माणसानं आजारपणात एका नंबरवर फोन लावायचा. पलीकडं माणूस नाही, यंत्र. ते मराठी ऐकेल, समजून घेईल आणि ठरवेल: याला लगेच गाडी पाठवायची, डॉक्टरांशी जोडून द्यायचं, की घरच्या घरी करायचा उपाय सांगायचा. फोन येतात ढिगानं आणि ते घ्यायला माणसं मोजकी, म्हणून हा खटाटोप. यंत्र बोलायला-ऐकायला शिकलंय, पण पुण्यामुंबईच्या आवाजांवर. आपल्याकडचे आवाज त्याच्याजवळ नाहीतच.

तुम्ही माकणीतले आवाज गोळा करून द्याल का? तुम्हाला ऐकू येत नाही हे मला ठाऊक आहे, पण तुमच्या शब्दाला गावात नाही कोण म्हणणार? मोबाईल मामी धरतील. कोणकोणत्या दुखण्यांबद्दल बोलायचं ते वेगळ्या कागदावर लिहिलंय. फक्त लोकांना स्पष्ट बोलायला सांगा.

तुमची
शिवांजली


माकणी, ९ मार्च २०२४

शिवांजलीस मामाचा आशीर्वाद, आणि मामीचा त्याहून मोठा.

काम फत्ते. बहिऱ्याला आवाज गोळा करायला लावणारी तू जगात पहिलीच. लोक पोट धरून हसले, पण आले. नाही कसे येतील? अर्ध्या गावानं माझ्या गाडीतून कधी ना कधी फुकट प्रवास केलाय.

आता माझी हुशारी ऐक. कोण काय बोललं हे मला कळणार कसं? म्हणून मी पुठ्ठ्याच्या पाट्या केल्या. एका पाटीवर एक वाक्य, मोठ्या अक्षरात, शुद्ध. 'माझ्या छातीत वेदना होत आहेत.' 'माझ्या पत्नीस प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या आहेत.' वाचता येणाऱ्यानं वाचायचं, नाही त्याला मामीनं पढवायचं, आणि मी समोर बसून ओठांकडं बघायचं. पाटीप्रमाणं ओठ हलले की माझा हात वर. नाही हलले की पुन्हा पहिल्यापासून. तू 'स्पष्ट' लिहिलं होतंस, ते मी ध्यानात ठेवलं. पुण्याला जाणारा माल आहे. आपल्या गावाची शोभा व्हायला नको.

धुरपताबाई 'छाती भरून आलीया' म्हणत होती. तिला इतक्यांदा म्हणायला लावलं की शेवटी ती (हे मामीनं नंतर सांगितलं) म्हणाली, "कंडक्टर, आता खरंच भरून आली, सोडा की!"

सगळ्यात जास्त तुझ्या मामीनं छळलं. 'मला साप चावला आहे' ही पाटी तिच्या वाट्याला आली. तिचे ओठ आधीच मिटले. साप म्हणताना ओठ शेवटी मिटतात, हे मला कळतं. म्हटलं, काय बोललीस? तर म्हणे, "पान लागलं म्हनलं. घरात हुबं राहून त्येचं नाव घ्यायचं नसतंय. नाव घेतलं की येतंय ते." मी म्हटलं, अगं, हे सरकारी काम आहे, पान लागलं काय, पान लागलं! जग चंद्रावर चाललंय. तर मोबाईल खाली ठेवून उठली आणि भाकरी थापायला बसली. ते मी पुसायला लावलं. मग आपल्या दादामियाँचा अक्रम दवाखान्याची गाडी चालवतो ना, त्याला बोलावलं. त्यानं छाती काढून 'मला सर्पदंश झाला आहे' असं म्हटलं की जणू बक्षीस लागलंय. गुणी पोरगा. मामीला आक्का म्हणतो आणि तिच्या हातचं शेंगाचं पोळं मागून खातो.

सगळं मामीनं मोबाईलवरून पाठवलंय. मिळालं का कळव.

गौरीशंकर


पुणे, ४ जून २०२५

मामा आणि मामी, दोघांना शरणार्थ.

आधी आनंदाचं सांगते. सगळ्या जिल्ह्यांतून आवाज आले, पण माकणीचे सर्वांत स्वच्छ. इतरांचे निवडायला आम्हाला कितीतरी दिवस लागले, तुमचे जसेच्या तसे घेतले. यंत्राच्या चुका निम्म्यावर आल्या आणि त्यावरचा आमचा निबंध दिल्लीच्या परिषदेत वाचला गेला. मीच वाचला. व्यासपीठावर उभी होते तेव्हा तुमच्या पुठ्ठ्याच्या पाट्या डोळ्यांसमोर येत होत्या आणि हसू आवरत नव्हतं.

पान लागल्याचा किस्सा मी इथं चहाच्या वेळी सांगितला. सगळे खूप हसले. मामी, रागावू नका. मामांनी ते पुसलं ते बरंच केलं, नाहीतर यंत्र बिचारं गोंधळलं असतं.

पंधरा जूनपासून लोहारा तालुक्यात चाचणी सुरू होतेय. नंबर सोबतच्या कागदावर ठळक लिहिलाय. तो भिंतीला चिकटवा आणि मोबाईलमध्ये माझ्या नावानं ठेवा. देव करो आणि तुम्हाला त्याची गरज न पडो. पण पडली तर इकडंतिकडं धावू नका, आधी हा नंबर लावा. यंत्राला वाटलं तर गाडी थेट जवळच्या दवाखान्यातून सुटते. म्हणजे तुमच्याकडं अक्रमच येणार!

शिवांजली


माकणी, २४ नोव्हेंबर २०२५

शिवांजली,

तू मामीच्या मातीला आलीस, तीन दिवस राहिलीस, पण घर माणसांनी भरलेलं होतं आणि मी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतो, त्यामुळं कुणी काय बोललं ते मला कळलं नाही. आता घर रिकामं आहे. तुला सगळं नीट लिहितो, कारण मला तुझ्याकडून एक गोष्ट पाहिजे.

त्या दिवशी सकाळी ती मळ्यात बांधावरचं गवत कापत होती. मी विहिरीजवळ होतो. ती चालत आली, पळत नाही, आणि पाय दाखवला. घोट्याच्या वर दोन टिपके, रक्त थांबत नव्हतं. मी बांधाकडं बघून आलो. घोणस होती, जाड, ऊन खात पडलेली. मी शेजारच्या मळ्यातल्या गणपतच्या मोटरसायकलकडं निघालो, तर तिनं मला धरलं. म्हणाली (हे मी ओठांवरून वाचलं), "शिवक्काचा नंबर हाय की." तू लिहिलं होतंस, आधी नंबर लावा. मला तर फोनचा उपयोग नाही. तिनंच लावला. कानाला लावला आणि बोलता बोलता मला हातानं फाट्याकडं जा म्हणून खुणावलं. गाडी फाट्यावर येणार, मळ्याची वाट ड्रायव्हरला सापडणार नाही. मी गेलो.

मी फाट्यावर थांबलो. जन्मभर लोकांना फाट्यावर ताटकळत ठेवलं, त्या दिवशी मी ताटकळलो. गाडी आता येईल, मग येईल. परत जावं तर तेवढ्यात आली म्हणजे? सूर्य डोक्याशी आल्यावर राहवलं नाही. मळ्यात आलो, तर ती लिंबाखाली मोकळ्यावर बसली होती, तांब्या शेजारी. मला बघून म्हणाली, "आली का?" पाय मांडीपर्यंत सुजला होता. मग गणपतला बोलावलं, कांद्याचा टेम्पो मिळाला, लातूर गाठलं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी लिहून दाखवलं: लवकर आणलं असतं तर मूत्रपिंडं वाचली असती. पुढचं तुला माहीत आहे.

अक्रमची गाडी त्या सगळ्या वेळात दवाखान्यासमोर उभी होती. बघणारे दहा जण आहेत. तो म्हणतो, मला कॉलच आला नाही. आक्का आक्का म्हणून खाल्लेलं पोळं कुठं गेलं? मी त्याच्या विरुद्ध तक्रार दिली. गावानं सह्या केल्या. गाडीच्या ठेकेदारानं त्याला घरी बसवलंय आणि पुढच्या महिन्यात कायमचा काढणार आहेत.

तो म्हणतो कॉल आला नाही. ती तर बोलली, मी डोळ्यांनी पाहिलं. तुमच्याकडं नोंद असणारच. ती काढ आणि मला लिहून पाठव, की गाडी किती वाजता पाठवली आणि तो का आला नाही. तेवढं हातात पडलं की मी मोकळा झालो.

मामा


पुणे, ३ डिसेंबर २०२५

मामा,

पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं.

मी चौकशी करते आहे. नोंदी खूप असतात आणि त्या काढायला वेळ लागतो. कधी कधी नेटवर्कचाही घोळ होतो. नक्की काय झालं हे इतक्यात सांगता येणार नाही. तुम्ही अक्रमच्या तक्रारीचं थोडं सबुरीनं घ्याल का? त्याच्याकडूनच चूक झाली असं आज तरी कुणी सांगू शकत नाही.

तुम्ही जेवताय ना वेळेवर? धुरपताबाईंना डबा द्यायला सांगते. थोडे दिवस इकडं येऊन राहा. इथं कामाची खूप गडबड आहे, जानेवारीत हे आठ जिल्ह्यांत सुरू करायचं ठरलंय, तरी तुम्ही या. मी सुट्टी काढेन.

मामींचा विचार मनातून जात नाही.

शिवांजली


माकणी, १५ डिसेंबर २०२५

शिवांजली,

मी कंडक्टर होतो. ज्यानं तिकीट काढलेलं नसतं, तो माणूस नेमका कंडक्टरच्या तब्येतीची चौकशी करतो. तुझं पत्र तसलं आहे.

मी विचारलं एक आणि तू मला जेवणखाण विचारतेस. मला वाटतं तू त्या पोराला वाचवायला बघतेस. लहानपणी सुट्टीत यायचीस तेव्हा त्याच्या सायकलवर बसून धरणावर जायचीस, ते मला आठवतंय. किंवा तुझ्या साहेबांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं असेल. जे असेल ते. पण तुझी मामी होती ती. तुझ्या आईच्या माघारी तुला तिनं न्हाऊ घातलंय.

परवा दादामियाँ दारात आला. टोपी काढून हातात घेतली होती. माझ्यापेक्षा मोठा माणूस, माझ्या गाडीत नेहमी पुढच्या सीटवर बसायचा. बोलायला लागला. मी मान फिरवली. बहिऱ्याला ऐकायचं नसलं की एवढंच करावं लागतं. बराच वेळ उभा राहिला असेल. मी वळून पाहिलं तेव्हा गेलेला होता.

मला त्याचं वाईट वाटलं, पण माझं माणूस गेलंय. लपवाछपवी बंद कर. खरं काय ते लिही, नाहीतर पत्र पाठवू नकोस.

गौरीशंकर


पुणे, २० डिसेंबर २०२५

मामा,

खरं लिहिते.

अक्रमला कॉल गेलाच नव्हता. तो खरं बोलतोय. त्याची गाडी उभी होती, कारण तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

मामींचा फोन आमच्या यंत्रानं घेतला. त्या म्हणाल्या, पान लागलंय. यंत्राला हा शब्द सापाचा म्हणून माहीत नव्हता. त्याला 'पान' माहीत होतं ते तंबाखू सोडवायच्या जुन्या हेल्पलाईनवरून. तिथं लोक म्हणायचे, कडक पान लागलं, गरगरतंय. यंत्रानं तोच अर्थ लावला. तंबाखूची चक्कर, धोका नाही, घरगुती उपाय सांगावा. त्यानं मामींना मोकळ्या हवेत बसून पाणी प्यायला सांगितलं आणि 'तुमची नोंद झाली आहे' म्हटलं. मामींना वाटलं, गाडीची नोंद झाली.

म्हणून त्या लिंबाखाली तांब्या घेऊन बसल्या होत्या. माझ्या यंत्रानं सांगितलं म्हणून.

तुमचं आधीचं पत्र आलं त्याच दिवशी मी नोंद काढून ऐकली होती. तरी तुम्हाला नेटवर्कचं लिहिलं. मला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. मला वाटलं, काही दिवसांत काहीतरी सुचेल. तेवढ्या दिवसांत एक निरपराध माणूस घरी बसून राहिला आणि त्याचा बाप तुमच्या दारात उभा राहिला. हे तुम्ही लिहिलं नसतं तर मी आणखी किती दिवस गप्प बसले असते, मला सांगता येत नाही. मला माझीच लाज वाटते.

मामींनी तो शब्द आम्हाला आधीच दिला होता. तुम्ही पुसला, मी हसले. यात तुमच्यापेक्षा माझा वाटा मोठा आहे. तुम्ही मला विचारलं नव्हतं, पण सांगितलं होतं. माझं कामच लोकांचे शब्द गोळा करायचं. मी शहाणी असते तर त्याच दिवशी पुण्याहून गाडी धरून आले असते आणि मामींना विचारलं असतं, आणखी काय काय नाव न घेता म्हणता? प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या आहेत असं गावातली कोणती बाई म्हणते? स्वच्छ आवाज स्वच्छ आवाज म्हणून आम्ही नाचलो, आणि घाबरलेलं माणूस तसं कधी बोलतच नाही.

मी साहेबांना सगळं लेखी दिलंय. ठेकेदाराला संस्थेचं पत्र गेलंय, की त्या दिवशी गाडीला कॉल गेला नव्हता. लोहाऱ्यातली चाचणी थांबवली आहे. आठ जिल्ह्यांचं काम साहेबांनी पुढं ढकललं, पण रद्द केलं नाही. आणि मामा, ते रद्द व्हावं असं मलाही म्हणवत नाही. गेल्या सहा महिन्यांत या नंबरमुळं बाळंतिणी वाचल्यात, हेही खरं आहे. त्यांची नावं मला माहीत आहेत.

आता जे मागणार आहे ते मागायचा मला अधिकार नाही. यंत्राला हा शब्द शिकवायचा तर खऱ्या अडचणीत माणसानं तो कसा उच्चारला ते ऐकवावं लागतं. पाटीवरून वाचलेला चालत नाही, ते आपण पाहिलं. असा फोन आमच्याकडं एकच आहे. घरच्यांनी लेखी परवानगी दिली तरच तो वापरता येतो. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही.

शिवांजली


माकणी, २७ डिसेंबर २०२५

शिवांजली,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस ते भिंतीतल्या देवळीत ठेवून दिलं होतं. शिव्या लिहायला बसलो, पण त्या सगळ्या माझ्याच पत्त्यावर यायला लागल्या. तिला मी म्हटलं होतं, जग चंद्रावर चाललंय. ती उठून भाकरी थापायला बसली. तिचं बरोबर होतं हे तिला माहीत होतं आणि माझ्याशी वाद घालायला तिला ओरडावं लागायचं, म्हणून ती वाद घालत नसे. लोकांना वाटायचं कंडक्टरचं घर किती शांत!

काल दादामियाँच्या घरी गेलो. अक्रम दारातच होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "कॉल आला नव्हता. तू खरा, मी खोटा. तक्रार मागं घेतली." मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं मी किती मोठ्यानं बोललो कुणास ठाऊक. आजूबाजूची माणसं बाहेर आली. बरंच झालं, सह्याही त्यांनीच केल्या होत्या. अक्रमचे ओठ हलले. मी वाचायला बघत होतो, पण डोळ्यांत पाणी असलं की ओठ दिसत नाहीत. दादामियाँनं मला हाताला धरून आत नेलं आणि खाटेवर बसवलं. त्याच्या बायकोनं, नूरजहाँभाभीनं, चहा आणून ठेवला. तो पिऊनच उठलो.

परवानगीचं नंतर बघू. त्याआधी माझं एक काम कर. तुझ्याजवळ तिचा आवाज आहे. मला तो ऐकवून उपयोग नाही. कान चांगले होते तेव्हा गाडीच्या मागं मागं फिरलो आणि घरी बसायला लागलो तेव्हा कान गेले. ती फोनवर काय काय बोलली, ते शब्दाला शब्द लिहून पाठव. नीटनेटकं करायला जाऊ नकोस. तिनं जसं म्हटलं तसंच लिही.

मामा


पुणे, ३ जानेवारी २०२६

मामा,

तुम्ही सांगितलं तसंच लिहिते. एक अक्षर बदललेलं नाही.

यंत्र: नमस्कार. तुम्हाला काय त्रास होत आहे?

मामी: कोण, शिवक्काचं मशीन का तू? मी रुद्रम्मा बोलायलेय, माकणीहून. कंडक्टरच्या घरची. पान लागलंय बघ मला. पायाला. लई गरगरायलंय.

यंत्र: तुम्हाला पान लागल्यामुळे गरगरत आहे. हे बरोबर आहे का?

मामी: व्हय, व्हय. बरोबर. शानं हाईस की.

यंत्र: तुमची नोंद झाली आहे. मोकळ्या हवेत बसा. थोडे थोडे पाणी प्या. तोंडात काही असल्यास थुंकून टाका.

मामी: तोंडात काय न्हाय बाबा. पानी पिते.

यंत्र: धन्यवाद. काळजी घ्या.

इथं यंत्राचं बोलणं संपतं. त्याला वाटलं, काम झालं. पण मामींनी फोन ठेवला नव्हता. थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येतो. तुम्ही तेव्हा फाट्याकडं निघाला असणार. मग त्या पुन्हा बोलतात. पलीकडं ऐकणारं कुणी नव्हतं.

मामी: आनि बघ, गाडीवाल्याला तेवढं सांग. आमचे मालक फाट्यावर चाललेत. त्येंला हार्न ऐकू येत न्हाय. लांबून वाजवत बसू नको म्हनावं. जवळ येऊन हाताला धर. आनि मला घिऊन जाताना त्येंला मागं ठिवू नका, संगं घ्या. एकटे राहिले की लई भितात ते, सांगत न्हाईत कुनाला. बरं. ठिवते.

एवढंच आहे.

शिवांजली


माकणी, ११ जानेवारी २०२६

शिवांजली,

सोबत परवानगीच्या कागदावर सही करून पाठवतोय. धुरपताबाई आणि अक्रम साक्षीदार आहेत. अक्रम कामावर परत गेला.

'शिवक्काचं मशीन' पासून 'पानी पिते' पर्यंत सगळं घे. यंत्राला पाहिजे तितक्यांदा ऐकव. हजार वेळा ऐकव. त्याला कळेपर्यंत सोडू नकोस. तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा कंटाळा नव्हता, माझ्याबरोबर संसार केलाय तिनं.

त्याच्यापुढचं देऊ नकोस. तेवढं कापून काढ आणि कुणाला ऐकवू नकोस, तुझ्या साहेबांनाही नाही. मी भितो हे तिला माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं. ते यंत्राला शिकायचं काही नाही.

ते माझं आहे.

गौरीशंकर